गो-लाईव्हची तारीख फ्लेक्सवर लावणाऱ्या स्टीअरिंग कमिटीला खुलं पत्र

स्टीअरिंग कमिटीतले, म्हणजे प्रोजेक्टचे निर्णय घेणारे सगळे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

परवा चाकणहून घरी येताना एका कंपनीच्या गेटवर फ्लेक्स बघितला. "एस/४ हाना गो-लाईव्ह, आता फक्त ९० दिवस" (म्हणजे स्टोअरपासून अकाऊंट्सपर्यंत सगळा कारभार ज्यावर चालतो ते सॅपचं नवीन सॉफ्टवेअर सुरू व्हायला), मधोमध रॉकेट, वर एमडी साहेबांचा हात जोडलेला फोटो आणि खाली प्रोजेक्ट टीमचे बारा-पंधरा गोल गोल फोटो. वाढदिवसाचा फ्लेक्स असतो ना, डिट्टो तसा, फक्त 'शुभेच्छुक' लिहायचं राहिलं होतं. सोबत जावई होते ते हसले, मला काही हसू आलं नाही, कारण असाच एक बॅनर (तेव्हा कापडी होता) आमच्याही गेटवर लागला होता आणि त्याच बॅनरखाली नंतर अकरा दिवस ट्रकांची रांग उभी होती.

म्हणून हे पत्र. कुठल्या एका कंपनीला नाही. भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव, जिथे जिथे सध्या असा प्रोजेक्ट चाललाय तिथल्या सगळ्यांना.

मी आयटीवाला नाही हे आधीच सांगतो. एकतीस वर्षं स्टोअर आणि पीपीसीत (उत्पादनाच्या प्लॅनिंगचं खातं) काढली, आता रिटायर आहे. माझ्या नोकरीत दोन मोठी गो-लाईव्ह झाली, एक लोकल पॅकेजवरून सॅपवर जाताना, दुसरं काही वर्षांनी तीन प्लांट एकाच सिस्टीमवर आणताना. पहिलं बुडालं आणि दुसरं तरलं. कंपनीचं नाव सांगत नाही, तुम्हीही शोधत बसू नका, कारण जे आमच्याकडे झालं ते थोड्याफार फरकाने सगळीकडेच होतं.

आत्ता घाई का आहे तेही मला कळतं. सॅपने ईसीसी ६.० चा, म्हणजे एस/४ च्या आधीच्या सॉफ्टवेअरचा, नेहमीचा मेंटेनन्स २०२७ च्या अखेरीस थांबवायचं ठरवलंय, जास्तीचे पैसे भरले तर २०३० पर्यंत. आणि ज्यांच्याकडे त्याचे अगदी जुने एन्हान्समेंट पॅक (सुधारणांचे संच) आहेत त्यांचा तर २०२५ लाच संपला. त्यामुळे सगळे एकदम निघालेत. लग्नसराईत कार्यालय मिळत नाही तसे चांगले कन्सल्टंट मिळत नाहीयेत, आणि जो मिळतो त्याच्या हातात एकाच वेळी तीन कंपन्या असतात, सकाळी तुमच्याकडे आणि दुपारी दुसऱ्याच्या कॉलवर. हे सगळं मान्य. पण घाई सॅपची आहे, माल तुमचा आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता मुद्द्याचं विचारतो. तुमच्या कंपनीत "आपण तयार नाही, तारीख पुढे ढकला" असं म्हणायचा अधिकार कोणाला आहे? पदनाम नको, माणसाचं नाव सांगा. आणि त्याने तसं म्हटल्यावर त्याच्या अप्रेझलचं काय होणार तेही सांगा. बाकी सॉफ्टवेअर कुठलं, क्लाऊड की आपला सर्व्हर, ग्रीनफिल्ड (कोऱ्या पाटीपासून) की ब्राऊनफिल्ड (जुनंच पुढे नेऊन), हे सगळं मी नंतर ऐकेन. कारण मी जे काही बघितलं आणि रिटायर झाल्यावर रिकाम्या वेळात जे वाचलं त्यात बहुतेक प्रोजेक्ट ह्याच एका ठिकाणी अडकले, खालच्याला माहीत होतं की होणार नाही आणि वर कोणी ऐकून घ्यायला बसलेलंच नव्हतं.

इंग्लंडमधल्या टीएसबी बँकेचं बघा. स्पेनच्या साबादेल बँकेने ती २०१५ मध्ये विकत घेतली आणि लॉईड्सच्या जुन्या सिस्टीमवरून सगळे ग्राहक आपल्या नवीन सिस्टीमवर आणायचं ठरलं. पहिली तारीख नोव्हेंबर २०१७ ची, ती हुकली, मग नवीन प्लॅन केला. नंतर जी स्वतंत्र चौकशी झाली त्यात एक गोष्ट अशी निघाली की काही कामं सात महिने मागे पडलेली असताना तयारीची तारीख फक्त चार महिने पुढे ढकलली होती, आणि हे गणित कसं बसतं असं बोर्डात कोणी नीट विचारलंच नाही. डेटा सेंटर दोन होती आणि लोड टेस्टिंग (गर्दी झेपते का ते बघणं) एकाचंच केलं. एप्रिल २०१८ च्या एका वीकेंडला ५२ लाख ग्राहकांचा डेटा हलवला, डेटा बरोबर पोचला बरं का, पण सिस्टीम त्या गर्दीखाली बसली, १९ लाखांच्या आसपास लोकांना आपल्याच खात्यात जाता येईना, काहींना तर दुसऱ्याचीच खाती दिसायला लागली. बँकेला ३३ कोटी पौंडांचा फटका बसला, सीईओ गेले, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये वर ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड. मला ह्यात सगळ्यात बोलकी वाटते ती शेवटची गोष्ट, २०२३ मध्ये तेव्हाच्या आयटी प्रमुखाला स्वतःच्या खिशातून ८१,६२० पौंड दंड झाला. का, तर सिस्टीम चालवणाऱ्या कंपनीने "आम्ही तयार आहोत" असं कळवलं आणि ते खरं आहे का हे त्याने पुरेसं तपासलं नाही म्हणून. आता तुमच्या मिटिंगमध्ये पार्टनरचा प्रोजेक्ट मॅनेजर "वुई आर ऑन ट्रॅक" म्हणतो तेव्हा तुम्ही काय करता ते आठवा. चहा मागवता.

आमच्या पहिल्या वेळची गंमत सांगतो. तारीख ठरली दसऱ्याची. का? तर मुहूर्त चांगला, साडेतीन मुहूर्तातला एक, आणि एका डायरेक्टर साहेबांनी भाषणात बोलून टाकलं की सीमोल्लंघन करायचं. आता प्लांटमधल्या कुठल्याही पोराला विचारा, दसरा ते दिवाळी म्हणजे डिस्पॅचचा सगळ्यात पेटलेला काळ. गाड्यांची विक्री तेव्हाच, त्यामुळे गाड्या बनवणाऱ्यांची शेड्यूल चढलेली, लाईन एक तास जरी आपल्या पार्टमुळे थांबली तरी लगेच डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचे पैसे आपल्या बिलातून कापून. अशा वेळी सिस्टीम बदलायची म्हणजे पंगत बसलेली असताना चूल हलवायची. आम्ही खाली बडबडत होतो, पण साहेबांना जाऊन सांगायचं कोणी? खंडेनवमीला मशीनबरोबर सर्व्हरलाही झेंडूचा हार घातला, पेढे वाटले, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टला डिस्पॅचच्या पोराने पहिली डिलिव्हरी करायला घेतली आणि सिस्टीम म्हणाली स्टॉक शून्य. त्याच्या मागे भिंतीला लागून तोच पार्ट चाळीस पेट्या उभा होता!

झालं होतं असं, की सीझन म्हणून आम्ही तयार माल मिळेल तिथे ठेवला होता. थोडा पेंट शॉपच्या मागे, थोडा कँटीनच्या शेडमध्ये, थोडा तर बाजूच्या भाड्याच्या गाळ्यात. नवीन सिस्टीममध्ये ह्या जागाच नव्हत्या. ब्लूप्रिंट (सिस्टीम कशी बसवायची त्याचा आराखडा) करताना कन्सल्टंटने विचारलं होतं स्टोरेज लोकेशन किती, आमच्या साहेबांनी ऑफिसमधल्या नकाशावर बघून सांगितलं चार. प्रत्यक्षात होत्या अकरा. म्हणजे माल आहे, गिऱ्हाईक आहे, गाडी आहे, फक्त कागद निघत नाही, आणि तेव्हा एक्साईजचा काळ, इन्व्हॉईसशिवाय गाडी गेटबाहेर काढली तर पकडली गेलीच समजा. अकरा दिवस.

पुढे खूप वर्षांनी वाचलं की अमेरिकेतल्या हर्शी ह्या चॉकलेटवाल्या कंपनीचं १९९९ मध्ये हुबेहूब हेच झालं. ११ कोटी २० लाख डॉलरचा प्रोजेक्ट, सॅप आणि सोबत अजून दोन पॅकेज, एकदम सगळं सुरू करायचं ठरलेलं. सल्ला होता चार वर्षं घ्या, यांनी अडीच वर्षांत बसवलं, वाय-टू-केच्या (सन २००० लागताना कॉम्प्युटरच्या तारखा चुकायची जी भीती होती तिच्या) आधी संपवायचं म्हणून. तारीख सरकत सरकत जुलैवर आली आणि त्यांचा हॅलोवीनचा सीझन म्हणजे आपल्या दिवाळीसारखाच, दुकानदारांच्या ऑर्डरी त्याच सुमारास सुरू होतात. तात्पुरत्या जागांमध्ये ठेवलेला माल सिस्टीमला माहीत नाही, चॉकलेट गोदामात आणि दुकानं रिकामी, १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर गेल्या नाहीत, त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी खाली. हे वाचून मला एकीकडे बरं वाटलं की चला एवढ्या मोठ्या कंपनीचंही झालं, आणि दुसरीकडे राग आला की आमच्या गो-लाईव्हच्या कितीतरी आधी हे घडून गेलेलं होतं, पेपरात छापून आलेलं होतं, आणि आमच्याकडच्या लाखो रुपये घेणाऱ्या एकाही माणसाने सांगितलं नाही. ह्याच हर्शीने २००२ मध्ये पुढच्या व्हर्जनचं अपग्रेड ठरलेल्या बजेटपेक्षा कमी पैशात नीट केलं, तेही सांगायला हवं. म्हणजे सॅप तेच आणि चॉकलेटही तेच, माणसं मात्र एकदा भाजलेली होती.

आणि आता तर गेटवरचं काम अजून कडक झालंय. ई-इन्व्हॉईसचा आयआरएन नंबर (सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नंबर) आल्याशिवाय बिल वैध नाही, ई-वे बिलाशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे तुमच्या नवीन सिस्टीममधून सरकारी पोर्टलला जाणारी ती वायर जर पहिल्या दिवशी अडकली तर पूर्वीसारखं "हाताने चलान लिहून पाठव रे, नंतर बघू" हेही करता येत नाही. हे टेस्टिंग बंगळुरूच्या ऑफिसात बसून एक इन्व्हॉईस काढून होत नाही. दिवसाच्या ज्या दोन तासांत तुमच्या निम्म्या गाड्या निघतात त्या दोन तासांची खरी गर्दी उभी करून बघा. आणि अनुभवासाठी फार लांब जायलाही नको, २०२१ च्या ७ जूनला इन्कम टॅक्सचं नवीन पोर्टल सुरू झालं तेव्हा आपल्या ओळखीतले सगळे सीए रात्री बारानंतर लॉगिन होतंय का बघत बसायचे, शेवटी ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला बोलावून १५ सप्टेंबरची मुदत दिली. सरकारला मुदत वाढवून देता येते. तुमचं गिऱ्हाईक लाईन थांबवून तुमची वाट बघणार आहे का?

आता डेटा. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण प्रोजेक्टच्या पीपीटीत ह्याला एक ओळ असते, "डेटा क्लीन्सिंग, जबाबदारी क्लायंट".

दुसऱ्या वेळी आम्ही मटेरियल मास्टर (सगळ्या वस्तूंची कोडवार यादी) बाहेर काढला तेव्हा एम-१० चा एकच हेक्स बोल्ट सात कोडखाली सापडला. 'बोल्ट एम१०', 'एम १० बोल्ट', 'हेक्स बोल्ट १०एमएम', एकात स्पेलिंग चुकलेलं, एकात मेकचं नाव टाकलेलं, आणि एक तर कोणीतरी 'तातडीचे' ह्या नावाने उघडला होता. सातही कोडवर थोडा थोडा स्टॉक. म्हणजे एमआरपी (काय किती मागवायचं त्याचा सिस्टीमचा हिशोब) चालवली की एका कोडला शॉर्टेज दिसणार, परचेसवाला नवीन पीओ (खरेदीची ऑर्डर) काढणार, आणि पलीकडच्या बिनमध्ये तोच बोल्ट गंज खात पडलेला. युनिटची भानगड त्याहून वाईट. रॉड विकत घ्यायचा किलोत, कापायचा मिलिमीटरमध्ये, इश्यू करायचा नगात, आणि मधला जो गुणाकार तो एका माणसाच्या डोक्यात. बीओएम (एका पार्टला काय काय किती लागतं ती यादी) डिझाईनने बनवला तेव्हाचा, शॉपफ्लोअरवर त्यानंतर तीनदा बदल झालेले, पण कागदावर कोणी आणलेच नाहीत कारण २६१ (उत्पादनाला माल दिल्याची नोंद) मारताना हाताने आकडा बदलता यायचा. जुन्या सिस्टीममध्ये हे सगळं चालून जातं कारण मधे माणूस बसलेला असतो. नवीन सिस्टीममध्ये तुम्ही बॅकफ्लश (पार्ट तयार झाला की यादीप्रमाणे माल आपोआप वजा होणं) चालू करता, माणूस काढता, आणि मग महिन्याच्या शेवटी मायनस स्टॉकची यादी पन्नास पानांची येते.

एस/४ मध्ये व्हेंडर आणि कस्टमर दोन्ही मिळून एकच बिझनेस पार्टनर होतो. ऐकायला छान. पण आपल्याकडे प्लेटिंगवाल्याला आपण स्क्रॅपही विकतो आणि त्याच्याकडून जॉबवर्कही करून घेतो, तो एकीकडे व्हेंडर एकीकडे कस्टमर, दोन्हीकडे पत्ता वेगळा, एकीकडे जीएसटी नंबर आहे आणि दुसरीकडे २०१७ च्या आधीचा व्हॅटचा टिन नंबर अजून तसाच. त्यात जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, व्हेर्ण्याच्या युनिटला भोसरीचा नंबर चिकटला की एसजीएसटी-आयजीएसटीचा (राज्यातला कर की दोन राज्यांमधला) घोळ सुरू. ह्या गोष्टी हैदराबादचा कन्सल्टंट कशा सांगणार? त्याला प्लेटिंगवाले काका कोण ते माहीत नाही. हे काम परचेस, स्टोअर, अकाऊंट्स आणि डिझाईन ह्या चौघांनी एका टेबलावर बसून करायचं असतं, आणि त्याला वेळ लागतो, आम्हाला आठ महिने लागले. दोन वर्षांत जो कोड हलला नाही तो न्यायचाच नाही असं ठरवलं तेव्हा कुठे यादी अर्ध्यावर आली. त्या आठ महिन्यांत जितकी भांडणं झाली तितकी माझ्या अख्ख्या नोकरीत झाली नसतील, पण ती भांडणं गो-लाईव्हच्या आधी झाली ना, ते बरं.

कस्टमायझेशनवर थोडक्यात. जर्मनीत लिडल नावाची सुपरमार्केटची साखळी आहे, त्यांनी २०११ पासून सात वर्षं सॅपवर काम केलं आणि २०१८ मध्ये बंद करून टाकलं, खर्चाचा जो आकडा छापून आला तो ५० कोटी युरोच्या घरातला. कारणांमध्ये एक असं होतं की ते आपला स्टॉक खरेदीच्या किमतीने धरायचे, सॅपचं रिटेलचं स्टँडर्ड विक्रीच्या किमतीने चालतं, आणि "आमची पद्धत बदलणार नाही" म्हणून सॉफ्टवेअरच वाकवत बसले. आपल्याकडे हे झेड प्रोग्रॅमच्या, म्हणजे सॅपमध्ये आपल्यासाठी वेगळे लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमच्या रूपात असतं. आमच्याकडे एक झेड रिपोर्ट रोज सकाळी सहा वाजता आपोआप छापला जायचा, ज्या साहेबांनी तो मागितला होता ते सोडून जाऊन नऊ वर्षं झाली होती, पोरं त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब करायची. असले सगळे काढून टाका. पण म्हणून सरसकट 'स्टँडर्डच वापरा' असं म्हणणाराही मला पटत नाही, जॉबवर्कच्या चलानचं (जुनी माणसं अजून ५७एफ४ च म्हणतात त्याला, एक्साईज जाऊन किती वर्षं झाली) आपल्याकडचं जे चालतं ते जर्मनीच्या पुस्तकात नाही, ५४१ ने (जॉबवर्कला माल पाठवल्याची नोंद) माल गेला आणि तिथून परस्पर तिसऱ्या पार्टीकडे गेला तर काय, हे तुम्हाला बसवून घ्यावंच लागतं. कुठला झेड ठेवायचा आणि कुठला मारायचा हे मात्र रोज त्यावर काम करणाऱ्याला विचारून ठरवा. हेडऑफिसने यादीवर टिका मारून ठरवू नका.

आणि आता माणसं.

आमच्या डिस्पॅचला एक मामा होते. शिक्षण सातवी, नोकरी अठ्ठावीस वर्षं. त्यांच्या खिशात एक छोटी डायरी, एलआयसीची मिळते ना तसली. त्यात कुठल्या गिऱ्हाईकाला कुठल्या रंगाची बिन लागते, कोण सोमवारी माल उतरवून घेत नाही, आपला पार्ट नंबर आणि त्यांचा पार्ट नंबर, कुठल्या गेटवर वॉचमनला आधी फोन करावा लागतो, सगळं. पहिल्या प्रोजेक्टमध्ये मामांना एकदाही मिटिंगला बोलावलं नाही. 'की यूझर' (खात्यातर्फे प्रोजेक्टला दिलेला मुख्य माणूस) म्हणून जो दिला तो नुकताच लागलेला पोरगा, कारण "मामांना सोडलं तर डिस्पॅच थांबेल". अहो मग तेच तर! ज्याला सोडलं तर काम थांबतं तोच माणूस प्रोजेक्टला द्यायचा असतो. जो सहज देता येतो तो देऊन काय उपयोग, त्याला माहीतच काय असतं. दुसऱ्या वेळी मामांना चार महिने पूर्ण सोडलं, त्यांच्या जागी दोन माणसं घेतली, त्याचा खर्च प्रोजेक्टच्या बजेटमध्ये आधीच धरला होता. अकाऊंट्सने कुरकुर केली. पण त्या डायरीतल्या पन्नास-साठ गोष्टी सिस्टीममध्ये गेल्या आणि मामा स्वतः वर्गात उभे राहून पोरांना शिकवायला लागले. मराठीत. रात्रपाळीलाही. पहिल्या वेळचं ट्रेनिंग म्हणजे प्रोजेक्टर, इंग्रजीत दोन तास, समोसा आणि हजेरीची सही. डेमोतला डेटा कुठल्यातरी सायकलच्या कंपनीचा. आम्ही प्रेस पार्ट बनवतो बाबा, आम्हाला सायकल कशाला.

कॅनडाच्या सरकारने ह्याच्या बरोबर उलटं केलं. २०१६ मध्ये फीनिक्स नावाची पगाराची सिस्टीम आणली, साधारण २ लाख ९० हजार सरकारी नोकरांसाठी. पगाराचं काम वर्षानुवर्षं करणारे १,२०० लोक वेगवेगळ्या खात्यांत होते, ती पदं काढून मिरामिशी नावाच्या एका गावात ५५० जणांचं केंद्र केलं, बहुतेक नवीन. बजेट वाचवायला काही फंक्शन गाळली आणि पायलट करायचं ठरलं होतं ते रद्द केलं. मग कोणाला पगार कमी, कोणाला जास्त, कोणाला महिनोन्महिने काहीच नाही. त्यांच्या ऑडिटर जनरलनी २०१८ मध्ये ह्याला प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं अनाकलनीय अपयश म्हटलं. मला विचाराल तर त्यात अनाकलनीय काही नाही. मामांना आधी घरी पाठवलं आणि डायरी नंतर मागितली, एवढंच झालं.

आता त्या आठवड्याच्या रिपोर्टबद्दल. लाल, पिवळा, हिरवा. पहिल्या वेळी माझ्या मॉड्यूलला मी पिवळा दिला होता. खरं तर लालच द्यायचा होता पण हिंमत झाली नाही. माझ्या मॅनेजरने त्याला "हलका हिरवा" केलं, खरंच, असा रंग काढला त्याने, आणि डायरेक्टरांच्या पीपीटीत पोचेपर्यंत तो नुसता हिरवा झाला. मी त्या मिटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर बसलो होतो, स्क्रीनवर माझं नाव आणि समोर हिरवा गोल, आणि मी गप्प बसलो. ह्याची मला आजही लाज वाटते. पण साहेब, तुम्हीही कधी विचारलं नाहीत की मागे बसलेल्या स्टोअरवाल्याला काय वाटतं. तुम्हाला खरा रंग बघायचा असेल तर पीपीटी बंद करा, खाली जाऊन स्टोअरमधल्या कुठल्याही पोराला नवीन सिस्टीममध्ये एक जीआरएन (आलेल्या मालाची नोंद) करून दाखवायला सांगा, लॉगिनपासून. पाच मिनिटांत कळतं.

दुसऱ्या वेळी काय वेगळं झालं ते सांगतो. तेव्हा नवीन प्लांट हेड आले होते, ते आधी कुठेतरी एकदा पोळलेले असावेत. त्यांनी पहिल्याच मिटिंगमध्ये लिहून घेतलं की डेटा, डिस्पॅच आणि अकाऊंट्स ह्या तिघांपैकी कोणी एकाने जरी सही केली नाही तरी गो-लाईव्ह होणार नाही, आणि सही न करणाऱ्याला कारण सोडून दुसरं काही विचारायचं नाही. सगळ्यांना वाटलं बोलायच्या गोष्टी आहेत. मॉक कटओव्हर, म्हणजे जुन्यावरून नव्यावर जायची रंगीत तालीम, तीन केले, खोटं खोटं गो-लाईव्ह, पूर्ण. पहिल्यात ओपन पीओ आणि स्टॉक चढवायलाच ऐंशी तास लागले, हातात होते चाळीस. अजून एक गंमत, कन्सल्टंटच्या प्लॅनमध्ये कटओव्हर शनिवार-रविवारी होता आणि आमच्या प्लांटला सुट्टी गुरुवारची! शनिवार-रविवार आमच्याकडे तिन्ही शिफ्ट फुल. सहा महिने तो प्लॅन भिंतीवर लागला होता आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, मामांच्या आलं. तिसऱ्या मॉकनंतर, खऱ्या तारखेच्या सहा दिवस आधी, डिस्पॅचने सही केली नाही. लेबल प्रिंट होताना बारकोड कापला जात होता, रोजच्या हजारभर लेबलांपैकी थोड्यांचाच, पण कुठली थोडी ते कळत नव्हतं. पार्टनर म्हणाला किरकोळ आहे, नंतर करू. प्लांट हेडनी तारीख सात आठवडे पुढे ढकलली. हेडऑफिसमधून फोन आले म्हणे, चांगले मोठ्या आवाजातले. त्यांनी ऐकून घेतले आणि ठेवून दिले.

आणि तिन्ही प्लांट एकदम घेतले नाहीत. सगळ्यात लहान आधी, दोन महिनाअखेर पार पडू दिल्या, मग दुसरा. रेल्वेचं रिझर्व्हेशनही असंच आलं हे आपण विसरतो, ऐंशीच्या दशकात दिल्लीपासून सुरुवात झाली, मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद, प्रत्येकाची सिस्टीम आपापली वेगळी, आणि पाचही केंद्रं एकमेकांना जोडून कुठूनही कुठलंही तिकीट हे व्हायला १९९९ उजाडलं. हळू झालं. पण त्या सगळ्या वर्षांत गाड्या चालू होत्या आणि लोकांना तिकिटं मिळत होती.

दुसरं गो-लाईव्ह काही देखणं झालं असं समजू नका. पहिल्या आठवड्यात सतरा गाड्या उशिरा निघाल्या, एका व्हेंडरला दोनदा पेमेंट गेलं (त्याने परत केलं, देवमाणूस), आणि कॉस्टिंगचे आकडे तीन महिने कोणालाच पटत नव्हते. हायपरकेअरसाठी (गो-लाईव्हनंतर लगेचच्या देखभालीसाठी) कन्सल्टंट दोन आठवडे थांबणार होते, ते भांडून दोन महिने करून घेतलं. हे आधी करारात लिहून घ्या, नंतर त्याचा रेट वेगळा असतो. पण गेटवर रांग लागली नाही.

तर तुमच्या पुढच्या मिटिंगमध्ये अजेंड्यावर पहिला विषय एवढाच घ्या, नाही म्हणणारी तीन माणसं कोण. त्यातला एकतरी खालचा असू द्या, ज्याचे बूट तेलकट असतात. तारीख दिवाळी किंवा मार्चएंडच्या तोंडावर असेल तर आजच हलवा. एक एप्रिल अकाऊंट्सला फार आवडते, पण ३१ मार्चला रात्री दोनपर्यंत तुमच्या डिस्पॅचला काय चाललेलं असतं ते एकदा येऊन बघा. आणि फ्लेक्स उतरवा हो. गेटवर तारीख लागली की ती पुढे ढकलायची लाज वाटायला लागते.

स्टॉक मोजायला माणसं कमी पडली तर मला बोलवा. चाकण-भोसरीत कुठेही येईन, गुरुवारी मी मोकळाच असतो. नगाला नग मोजून देईन, फक्त कँटीनच्या शेडमध्ये आणि पेंट शॉपच्या मागे काय ठेवलंय ते आधी खरं खरं सांगा.

तुमचाच,
एक रिटायर स्टोअरवाला